ज्या हातची आंबील

धनलक्ष्मी पुण्याहून निघाली तेव्हाच तिचं ठरलेलं होतं. वेळ अमावस्येला रानात जेवायचं हे निमित्त, परत जाताना आईला, अव्वाला, गाडीत घालून न्यायचं हे खरं काम. फ्लॅटमधली मागची खोली तिनं रंगवून घेतली होती, दिवसभराची बाई ठरवली होती. न्हाणीघराच्या भिंतीत लावायची स्टीलची दांडीसुद्धा घेतली होती, पण दुकानातून थेट सोलापूरची वाट धरल्यामुळे ती डिकीतच राहिली होती. यातलं काहीही तिनं फोनवर भावाला, प्रभुअण्णाला, सांगितलं नव्हतं. फोनवर तो फक्त "बघू" म्हणायचा, आणि त्याच्या "बघू"त आजवर या घराची बरीच कामं बुडाली होती.

सोलापुरात मंगळवार पेठेतल्या घरच्या दुकानाशेजारचा जिना चढून ती वर आली तेव्हा अव्वा खिडकीजवळच्या कॉटवर होती. खाली ज्वारीची पोती उतरत होती, हमालांची हुज्जत चालली होती. एके काळी हीच चंद्रव्वा याच खिडकीतून वाकून कुठल्या पोत्याला टोका किडा लागलाय ते खाली ओरडून सांगायची. आता तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"अव्वा, मी आले."

चंद्रव्वानं मान वळवली, लेकीचा हात हातात घेतला, जरा दाबला आणि सोडून दिला.

"चहा घेऊया दोघी?"

"ब्याड."

वर्षभर तिचा हा एकच कन्नड शब्द उरला होता, नको. खाली दुकानात येऊन बसता का? ब्याड. देवळात जायचं? ब्याड. कन्नड न कळणाऱ्या कामवाल्या केराबाईलासुद्धा तो आता पाठ झाला होता.

दुपारची जेवणं झाल्यावर धनलक्ष्मीनं विषय काढला. प्रभु दुकान नोकरावर सोपवून वर आला होता. झोपाळ्यावर अक्कम्मा आत्या बसली होती. ही चंद्रव्वाची नणंद, कै. वीरभद्रप्पांची थोरली बहीण. ऐंशीला टेकलेली, अक्कलकोटात एकटी राहणारी. दोन खोल्या, एक मांजर आणि गल्लीभर भांडणं एवढा तिचा संसार, आणि तो ती जोरात चालवत होती.

"अण्णा, परवा जाताना मी अव्वाला घेऊन जाते. कायमची," धनलक्ष्मी म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. ठरलंय."

"कुणाचं ठरलंय गं?" अक्कम्मानं झोपाळा पायानं थांबवला. "दोन मजली घर असून लेकाला आईला संभाळता आलं न्हाय, असं बोलू दे व्हय सगळ्या पेठंला?"

"पेठेचं राहू दे, आत्या. हिच्याकडं बघ. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय. नैराश्य. हा आजार आहे, नुसतं म्हातारपण नाही."

"आमच्या येळंला असलं काय नव्हतं."

"होतं की. त्याला नाव नव्हतं एवढंच. कोपऱ्यात बसलेल्या बाईला 'तिच्यात वारं शिरलंय' म्हणून मोकळे व्हायचात तुम्ही."

अक्कम्मानं झोपाळ्याला जोरात हिसका दिला.

"गोळ्या चालू हायत," प्रभु म्हणाला. "आता झोप लागती, चार घास जादा जातात. आणि श्रीदेवी किती करती ते तुला पुण्यात बसून दिसत न्हाय. केस विंचरून देती, पाणी काढून देती, पूजेचं ताट मांडून देती. आमी अव्वाला हितली काडी तितं करू देत न्हाय!"

"माझ्याकडं तर काडी कुठं पडलीय हेसुद्धा तिला बघावं लागणार नाही."

अशी ती बहीणभावांची पैज लागली होती. आईला कोण जास्तीत जास्त काही करू देणार नाही याची. दोघंही मनापासून बोलत होते, दोघांचाही आईवर जीव होता, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती चार हातांवर भिंतीकडे बघत बसली होती.

आत श्रीदेवी परातीत ज्वारीचं पीठ चाळत होती आणि एकूणएक शब्द ऐकत होती. 'कायमची' हा शब्द तिला झोंबला. सासरे लिंगैक्य झाल्यापासून हे सगळं घर तिनं एकटीनं ओढलं होतं. अव्वाच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून तर तिनं त्यांना कपभर चहासुद्धा गाळू दिला नव्हता. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. आणि आता नणंद येऊन म्हातारीला उचलून नेणार, म्हणजे सगळ्या पेठेत अर्थ एकच निघणार. पीठ परातीबाहेर सांडलं तेव्हा आपण चाळणी किती जोरात हलवतोय ते तिच्या लक्षात आलं.

अक्कम्मा काठी टेकत दारात आली. "आंबील लावतीस?"

"व्हय आत्या. आत्ता ताकात भिजवलं की सकाळपतूर आंबून येतंय. मग शिजवायचं."

"मग उद्या रानात शिंपणार कोण? तू?"

श्रीदेवी थांबली. या तोळणुऱ्यांच्या घरची रीत होती. वेळ अमावस्येला कडब्याच्या कोपीतल्या लक्ष्मीची पूजा झाली की पिकावर आंबील शिंपायची, आणि ज्या हातानं ती लावली असेल त्याच हातानं. दुसऱ्या कुणी मडकं उचलायचं नाही. वीरभद्रप्पांच्या आईनं शिंपली होती, पुढं चंद्रव्वानं चाळीसेक वर्षं शिंपली.

"शिंपतील की अव्वाच," श्रीदेवी म्हणाली. "तेवढा मान त्यांचाच. मागल्या वर्षासारखं."

"मागल्या वर्षी बी तूच लावली हुतीस."

आवाज कॉटवरून आला. मोठा नव्हता, पण या घरात एवढं लांब वाक्य त्या दिशेनं येऊन फार दिवस झाले होते. प्रभूच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"काय म्हणालीस अव्वा?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"मी लावलेली हिनं वतून दिली मोरीत. सकाळी सकाळी. आंबट ताकात दुसरी केली, त्याच मडक्यात घातली, आणि मडकं माझ्या डोक्यावर दिलं." चंद्रव्वा थांबत थांबत बोलत होती, न वापरलेला दरवाजा उघडावा तशी. "लसूण दगडावर ठेचली का मिक्सरात फिरवली, एवढं कळत न्हाय व्हय मला? तळहातावर घेतली आणि कळलं. सगळं रान बघत हुतं. मी तशीच शिंपली. लक्ष्मीपुढं खोटं बोलले मी."

श्रीदेवी पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"अव्वा, मीठ लई पडलं हुतं हो. तोंडात घालवत नव्हती. रानात बावीस माणसं येणार, शेजारची पाटलं येणार. तुमाला कुणी नाव ठेवू नये म्हणून केलं मी. तुमच्यासाठीच केलं."

"म्हाईत हाय. म्हणून तर बोलता येईना. शिव्या दिल्या असत्यास तर भांडले असते." चंद्रव्वानं डोळे पुसले नाहीत, पाणी वाहू दिलं. "मग माझ्या भाकरी. मी केल्या की तू 'छान झाल्या' म्हणायचीस आणि मागल्या दारानं गाईला घालायचीस. मी बघितलं. गाईला घातलं म्हणजे पुण्यच की, मी काय बोलणार? मी निवडलेली मेथी पुन्हा निवडायची. मी घडी घातलेलं पातळ पुन्हा घडी. मग मी म्हटलं, आपण केलेलं जर सगळं पुसूनच टाकायचं असतंय, तर आपण हाय कशाला? मालक गेले तेव्हा मी रडले. ते दुःख हुतं, मला ओळखीचं हुतं. हे रडायबी येईना असलं."

खाली टेम्पो मागं घेताना कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं.

धनलक्ष्मीला ताबडतोब संताप आला, आणि संतापाबरोबर तिला आपली बाजू जिंकल्यासारखंही वाटलं. "बघितलंस अण्णा? म्हणूनच म्हणते मी नेते. वहिनी, तुम्ही असं कसं..."

"तू गप," चंद्रव्वा म्हणाली. "तुझ्याकडं तर मोरीत वतायला आंबीलबी नसंल. तितं एक बाई, मला उठवणार, बसवणार, भरवणार. हिनं निदान मला परात हातात दिली हुती."

श्रीदेवीला त्या क्षणी सासूच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, पण हात पिठाचे होते.

प्रभु मात्र कुणाकडेच बघत नव्हता. त्याला तो दवाखाना आठवत होता. अव्वाला केराबाईबरोबर बाहेर बसवून डॉक्टर त्याच्याशी बोलले होते. गोळी तिचं काम करेल, ते म्हणाले होते, पण रोज एक तरी काम त्यांच्या हातचं ठेवा, बिघडलं तरी चालेल. प्रभूनं मान डोलावली होती. घरी येताना गाडीवर त्याला वाटलं, आजारी माणसाला काम लावायचं हे कसं दिसेल? तो घरी येऊन म्हणाला होता, "डॉक्टरांनी जपायला सांगितलंय."

"चूक माझी हाय," तो आता म्हणाला, आणि डॉक्टरांचं वाक्य त्यानं जसंच्या तसं सांगितलं. "मला वाटलं, जपणं म्हणजे हेच की."

"येडा हाइस," अक्कम्मा म्हणाली. "मी एकटी राहते तर कोण जपतंय मला? परवा दिवशी दूध उतू गेलं, पातेलं काळं झालं. घासत बसले दोन दिवस. लई शिव्या घातल्या पातेल्याला. पण दोन दिवस कसे गेले कळलं न्हाय."

"वन्सं, तुमचं पातेलं नेहमीच काळं असतंय," चंद्रव्वा म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही की ही थट्टा आहे. मग अक्कम्मा एवढ्या मोठ्यानं हसली की तिला ठसका लागला.

चंद्रव्वाला स्वतःलाच नवल वाटत होतं. गोळीनं डोक्यातला भुंगा बसला होता, रात्री झोप येत होती, हे खरं होतं. पण सकाळी उठून करायचं काय, ते गोळीला कुठून माहीत असणार? आज बोलताना छातीत धडधडत होतं आणि ती धडधड तिला बरी वाटत होती. तिनं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला.

"ह्याची पूजा माझी मलाच करावी लागती," ती म्हणाली. "अव्वा थकली, तिच्या वाटची पूजा आमी करतो, असं म्हणता येतंय का कुणाला? न्हाय की. मग बाकीचं सगळं माझ्या वाटचं का करताव? मला जमंना झालं तर मी सांगीन. बिघडलं तर तुमी सांगा. तोंडावर सांगा. माझ्यामागं नीट करत बसू नका. एवढं जमत असंल तर मी हितंच राहणार."

"आणि जमलं नाही तर?" धनलक्ष्मीनं विचारलं. तिनं अजून हार मानली नव्हती, ती आईचीच मुलगी होती.

"तर मग तुझी मागली खोली हाय की. उद्याच कळंल."

ती उठली. कॉटची कड धरून, मग भिंत धरून. प्रभु पुढे झाला तशी अक्कम्मानं काठी त्याच्या पोटाला आडवी लावली. चंद्रव्वा स्वयंपाकघरात गेली, पाटावर बसली आणि श्रीदेवीपुढे हात केला. श्रीदेवीनं परात तिच्याकडे सरकवली.

पुढचा तास श्रीदेवीच्या आयुष्यातला फार अवघड तास होता. ताक ओतताना धार परातीबाहेर गेली, ती बघत राहिली. लसूण ठेचताना पाकळ्या उडाल्या, एक फ्रीजखाली गेली. श्रीदेवीचे हात आपोआप पुढे जायचे आणि ती ते पदरात गुंडाळून घ्यायची. धनलक्ष्मी फडकं घेऊन धावली, तिला अक्कम्मानं पदर धरून खाली बसवलं. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधायला चंद्रव्वाला चारपाच वेळा गाठ मारावी लागली, पण गाठ तिची होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात माल आणणाऱ्या गौसचा टेम्पो भरून सगळे वळसंगच्या अलीकडच्या रानात आले. ज्वारी कमरेच्या वर गेली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. वाटेकऱ्यानं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तीच लक्ष्मी. भज्जीची, म्हणजे मिसळ भाजीची, पातेली, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या भाकरी, खीर, सगळं उतरलं. शेजारचे पाटील मंडळींसकट आले.

पूजा झाल्यावर चंद्रव्वानं मडकं उचललं. डोक्यावर नाही, डोक्यावर झेपणार नाही हे तिनं घरीच सांगून टाकलं होतं, कमरेवर घेतलं. ढेकळांतून ती पिकाच्या कडेनं निघाली. पाय अडखळत होते. प्रभु तिच्या दंडाला हात घालायला पुढे गेला.

"म्होरं येऊ नको. मागं चाल," ती म्हणाली.

तो मागं चालला. एका ठिकाणी तिचा तोल गेला आणि तिनं मागं न बघता हात मागं केला. त्यानं तो धरला, आणि ती सावरल्यावर सोडला. सोडणं त्याला धरण्यापेक्षा जड गेलं. कडुलिंबाच्या डहाळीनं तिनं चारी कोपऱ्यांना आंबील शिंपली, नवऱ्याचं नाव घेतलं, आणि धापा टाकत कोपीशी परत आली तेव्हा तिच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

पंगत बसली. चंद्रव्वानं ओगराळ्यानं स्वतः आंबील वाढली. श्रीदेवीनं पहिला घोट घेतला आणि तो घशात अडला.

मीठ दोनदा पडलं होतं. भिजवताना घातलेलं तिनं बघितलं होतं. सकाळी शिजवताना पुन्हा घातलं असणार, आपण टेम्पोत पातेली ठेवत होतो तेव्हा. श्रीदेवीनं पंगतीवर नजर फिरवली. प्रभूनं वाटी खाली ठेवली होती. धनलक्ष्मी वाटीच्या कडेवरून तिच्याकडेच बघत होती, आता काय करतेस, अशा नजरेनं. पाटलीणबाईंनी तोंड वाकडं होता होता सरळ केलं आणि "वा, झकास" म्हणाल्या. श्रीदेवीला वाटलं, आपणही तेच म्हणावं. दोन शब्दांचा तर प्रश्न. एवढ्या माणसांत त्यांची शोभा कशाला? आज त्या चालल्या, बोलल्या, हसल्या. आपल्या एका वाक्यानं त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या तर?

मग तिला मागच्या वर्षीची मोरी आठवली.

"अव्वा," ती म्हणाली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू गेलं, "आंबील खारट झालीय."

पाटलीणबाई उंडा मोडायच्या थांबल्या. चंद्रव्वानं सुनेकडे बघितलं. मग तिनं आपली वाटी तोंडाला लावली, घोट घेतला आणि तिचा सगळा चेहरा आक्रसला.

"व्हय की गं! मीठ दोनदा पडलं."

"लक्ष्मीला आज पाणी लई लागणार," अक्कम्मा म्हणाली, आणि पंगतीत हसू फुटलं. पाटील हसले, वाटेकरी हसला, पाटलीणबाई जरा उशिरा हसल्या. चंद्रव्वा पदर तोंडाला लावून हसत होती आणि श्रीदेवी रडत होती, तिला कुणी विचारलं नाही का ते.

"घरून ताक आणलंय का?" चंद्रव्वानं विचारलं.

"हाय. आंबिलीत वतू?"

"आण. मी वतते."

जेवणं उरकल्यावर धनलक्ष्मी आईशेजारी येऊन बसली. हरभरा सोलत सोलत तिनं विचारलं, खरं तर उत्तर तिला माहीत होतं, "मग, अव्वा? पुण्याला?"

"ब्याड."

तोच शब्द होता, पण धनलक्ष्मीला वर्षभरात पहिल्यांदा तो ऐकून बरं वाटलं. तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"पण ती दांडी आणलीयस म्हणं तू," चंद्रव्वा म्हणाली. "न्हाणीतली."

"तुला कुणी सांगितलं?"

"गौसनं. तुझी पिशवी काढताना डिकीत बघितली त्यानं. ती हितं लावायची. उठताना गुडघे धरतात माझे, धरायला काय तर पायजे. आणि मिस्त्री आला की मला हाक मारा. हात माझा पोचायचा हाय, कुटं लावायची ते मी सांगणार."

प्रभु पान लावत होता. त्यानं चुना बोटावर घेतला आणि सवयीनं म्हणाला, "बघू."

"बघू न्हाय," चंद्रव्वा म्हणाली. "उद्या."

प्रभूनं पान तसंच खाली ठेवलं, बोट धोतराला पुसलं आणि तिथंच, हरभऱ्याच्या सरीत उभं राहून मिस्त्रीला फोन लावला.